पृथ्वीबाईंनी पुसलेलं पान

एकतीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच तासाला, बाईंनी खडू फळ्यावर टेकवला, हात खांद्यातून एकदाच फिरवला आणि खडू जिथून निघाला होता तिथेच अलगद परत आला. फळ्यावर गोल उमटला. “ही पृथ्वी,” बाई म्हणाल्या. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “आणि आपण कुठे, बाई?” बाईंनी गोलाच्या आत एक टिंब दिलं. “हे इथे. गप्प बसलेले.” वर्ग हसला आणि त्या दिवसापासून त्या पृथ्वीबाई झाल्या. खरं नाव शाळेच्या कपाटातल्या फायलीत राहिलं.

भूगोल शिकवायचा म्हणजे जे दिसत नाही ते दिसतंय असं समजून बोलायचं. बाईंना ते सहज जमे. वाळवंटाबद्दल बोलताना त्या नकळत डोळे बारीक करत. हिमनदी सांगताना पदर खांद्यावरून ओढून घेत. मुलं आधी हसत, मग हळूहळू त्यांनाही थंडी वाजू लागे.

पण बाईंची सगळ्यांत आवडती वेळ तास संपल्यानंतरची. मुलं बाहेर पळालेली, बाकं वाकडीतिकडी, आणि फळ्यावर नद्या, पर्वतरांगा, बाण, तारखा. बाई डस्टर घेत आणि वरून खाली, सरळ पट्ट्यांत, खडूचा एकही ढग मागे न ठेवता फळा पुसत. शिकवायचं शिकताना, बी.एड.च्या वर्गात, निरीक्षक बाईंनी त्यांना एकच गोष्ट दरडावून सांगितली होती, “फळा पुसल्याशिवाय वर्ग सोडायचा नाही. आपलं लिहिलेलं पुढच्याच्या डोळ्यांपुढे ठेवून जाणं म्हणजे आपलं उष्टं ताट त्याच्यापुढे सारणं.” एकतीस वर्षांत बाईंनी असं ताट एकदाही कुणापुढे सारलं नाही. पुसलेल्या फळ्याकडे त्या क्षणभर बघत उभ्या राहत. त्या काळ्या शांततेत सगळे देश बुडालेले असत, आणि कुणाचीही तक्रार नसे. भाषेच्या बाई म्हणत, “तुमच्यानंतर त्या फळ्यावर लिहायची लाज वाटते हो मला. धुतलेल्या अंगणात चपला घालून गेल्यासारखं होतं.”

मग खांदा आखडला. हात छातीपर्यंत येई, पुढे कुणीतरी आतून कडी लावल्यासारखा थांबे. बाईंनी हट्टानं एकदा गोल काढून पाहिला. पृथ्वी बटाट्यासारखी झाली. वर्गातलं कुणीही हसलं नाही, आणि तेच बाईंना लागलं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर काचा घासत आलेले. समोरच्याचं दुःखही आधी उजेडात धरून बघायची त्यांना सवय.

“पृथ्वी तशीही अगदी गोल नाहीच म्हणतेस ना तू?” ते म्हणाले.

“ध्रुवांवर चपटी आहे. बटाटा नाही.”

“मग मुलांना सांग, आज भूकंप झाला.”

बाई हसल्या नाहीत. पण जेवताना मध्येच त्यांना हसू फुटलं, आणि ठसकाही लागला.

*

त्याच वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी फतवा काढला. यापुढे सूचना ग्रुपवर येतील, गृहपाठ ग्रुपवर जाईल, आणि प्रत्येक वर्ग आठवड्यातून दोन तास कॉम्प्युटरच्या खोलीत बसून एकत्र काम करील. शिक्षकांनी आधी शिकून घ्यायचं. दर बुधवारी, शाळा सुटल्यावर.

शिकवायला गणिताचे सर. हे सर कधीकाळी बाईंच्याच वर्गात चौथ्या बाकावर बसत आणि नकाशात समुद्राला हिरवा रंग देत. आता त्यांच्या मिशीत एक पांढरा केस होता, आणि त्यांच्यापुढे चौदा शिक्षक पहिलीतल्या पोरांसारखे बोटं मोजत बसले होते.

“बाई, माउस घासायचा नाही. नुसता सरकवायचा.”

“मी नुसताच सरकवतेय. तो घासला जातोय.”

“आणि पासवर्ड कुणाला सांगायचा नाही.”

“मी घरच्या कॅलेंडरवर लिहिलाय, मोठ्या अक्षरात.”

“बाई, तो लपवायचा असतो!”

“लपवला तर मला कसा सापडेल, बाळा?”

सर कपाळाला हात लावत. बाकीच्यांची तऱ्हा काही वेगळी नव्हती. भाषेच्या बाई ग्रुपवर लिहीत, “सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. उद्या मला दहा मिनिटं उशीर होईल. कळावे, लोभ असावा.” खेळाचे सर काहीही न वाचता प्रत्येक निरोपाला उंचावलेला अंगठा पाठवत, मुख्याध्यापिकाबाईंच्या सासूबाई गेल्या त्या निरोपालाही त्यांनी तो पाठवला, आणि मग आठवडाभर व्हरांड्यातून जाताना ते मैदानाकडून वळसा घालून जात.

तिसऱ्या बुधवारी सरांनी सामायिक पान दाखवलं. पडद्यावर एक पांढरं पान, आणि त्यावर चौदा रंगीत काड्या लुकलुकत होत्या. प्रत्येक काडीला नावाची चिठ्ठी.

“हे एकच पान आहे. सगळ्यांच्या पडद्यावर हेच. इथे तुम्ही लिहिलंत की तिथे त्यांना दिसतं.”

“म्हणजे फळाच की रे.”

“हो बाई,” सर घाईत म्हणाले, “फळाच समजा.”

बाईंनी तसंच समजलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा खांदा हलका झाला. या फळ्यापुढे हात वर न्यावा लागत नव्हता.

*

आठवीत चाळीस मुलं, आणि कॉम्प्युटरच्या खोलीत त्रेचाळीस मशीन. त्यातली दोन कायमची आजारी. दुपारच्या तासाला पडदे ओढलेले असत. उजेड कापडातून गाळून येई आणि मशीनच्या घरघरीत मिसळे. त्या खोलीत बसलं की पाण्याखाली बसल्यासारखं वाटे. मुलंही आपोआप हळू बोलत.

बाईंनी त्यांना काम दिलं ते असं, की आपल्या वस्तीचा नकाशा काढायचा, पण शब्दांनी. प्रत्येकानं आपल्या खिडकीतून काय दिसतं ते त्या एकाच पानावर लिहायचं. शेजारच्याच्या खिडकीला आपली खिडकी जोडायची. चाळीस खिडक्या जोडल्या की वस्ती तयार.

चाळीस काड्या पानावर चालू लागल्या. कुणी सायकलचं दुकान ठेवलं, कुणी त्यासमोर वाळत घातलेले कपडे. कुणी लिहिलं, “आमच्या समोर एक आजोबा दिवसभर रस्ता मोजतात.” बाई आपल्या खुर्चीत बसून बघत राहिल्या. त्यांच्या फळ्यावर आजवर एकच हात लिहीत आला होता. आता अक्षरं आपसूक उगवत होती. मध्येच थबकत, मागे जात, पुन्हा येत. प्रत्येक थबकण्यात एक मूल नखं खात बसलेलं असणार, असं बाईंना वाटे.

नाव न घालता जो पानावर येईल त्याला ते मशीन स्वतःच एखाद्या प्राण्याचं नाव देई. पहिल्या दिवशी पानभर अनोळखी जिराफ, अनोळखी घुबड, अनोळखी अस्वल हिंडत होते आणि पोरं खिदळत होती. मग एकेकानं आपलं नाव घातलं. एकच प्राणी तसाच राहिला. अनोळखी पाणमांजर.

पाणमांजरानं लिहिलं, “आमच्या खिडकीतून फक्त भिंत दिसते. पिवळी.”

बाईंनी शेजारच्या समासात विचारलं, “किती उंच?”

“दोन मजले. तिच्या पलीकडे समुद्र आहे असं मी ठरवलंय.”

बाईंनी भुवई उंचावली नाही. त्यांनी भूगोलाच्या शिक्षकानं विचारावं तेच विचारलं, “किती अंतरावर?”

काडी बराच वेळ लुकलुकत राहिली. “भरतीला दोन हात.”

“आणि ओहोटीला?”

“ओहोटीला मी शाळेत असते.”

‘असते’ म्हणजे मुलगी. बाईंनी मान वर केली. शेवटच्या रांगेतल्या एका मशीनवरचीच बटणं तेवढ्यात थांबली होती.

ती मुलगी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शाळेतून आली होती. आल्यापासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला हात वर करी. प्रश्न विचारला तर उभी राही आणि बस म्हणेपर्यंत उभी असे. घरी बोलते, असं तिची आई सांगे. डॉक्टर म्हणाले, घशाला काही नाही. भाषेच्या बाई म्हणायच्या, “मुकी नाही हो, हट्टी आहे.” पहिले काही महिने सगळ्यांनी प्रयत्न केले, मग सवय झाली. वर्गातला एखादा न उघडणारा दरवाजा असावा आणि सगळ्यांनी दुसऱ्या दारानं ये-जा करावी, तशी ती होती.

आता ती दर तासाला समुद्रातून काहीतरी आणून पानावर ठेवू लागली. एक नांगरलेली बोट. एक दिवा, जो फक्त दुपारी लागतो. तिसऱ्या आठवड्यात बाकीच्या खिडक्यांतही खारा वारा शिरला. सायकलच्या दुकानाला गंज चढला. कुणीतरी लिहिलं, “आमच्या गच्चीवरून पाणमांजराची बोट दिसते, पण आई म्हणते ती पाण्याची टाकी आहे.” मधल्या सुटीत पोरं एकमेकांना धरून विचारत, “ए, तूच ना पाणमांजर? खरं सांग.” ती जवळूनच डबा घेऊन जाई. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसे. बाईंना एकटीला माहीत होतं, आणि ते माहीत असणं त्या कुणालाही, नवऱ्यालासुद्धा, सांगत नव्हत्या. बोललं तर उडून जाईल अशी त्यांना भीती वाटे.

*

चौथ्या गुरुवारी गणिताचे सर कुठल्याशा बैठकीला गेले होते. तोपर्यंत तास संपताना तेच येऊन सगळं बंद करत. त्या दिवशी बाई पहिल्यांदाच एकट्या होत्या. घंटा झाली, मुलं उठली, खुर्च्या ओरडल्या. बाईंनी पडद्याकडे पाहिलं. पान काठोकाठ भरलेलं. उद्या नववीचा तास इथेच.

आदल्याच दिवशी, बुधवारी, सरांनी शिक्षकांना सगळं एकदम निवडायला शिकवलं होतं. बाईंनी डाव्या हातानं एक बटण धरलं, उजव्यानं दुसरं दाबलं. सगळी वस्ती निळी झाली. दुकानं, गच्च्या, आजोबा, समुद्र, सगळं निळ्या पाण्याखाली गेल्यासारखं. मग त्यांनी पुसायचं बटण दाबलं.

पांढरं. एकही ढग मागे नाही. खांदा आखडल्यापासून न भेटलेली ती जुनी शांतता बाईंना पुन्हा भेटली. त्यांनी वर पाहिलं. शेवटच्या रांगेत ती मुलगी अजून बसलेली होती. तिची बोटं बटणांच्या वर अधांतरी थांबली होती. ती आधी पडद्याकडे आणि मग बाईंकडे बघत होती.

बाई तिच्याकडे बघून हसल्या. काम नीट झाल्यावर माणूस हसतं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात पाऊल टाकलं तोच गलका झाला. वर्गप्रमुख मुलगी उभी राहिली. “बाई, सगळं गेलं! काल घरून उघडलं तर पान कोरं!”

“हो मग. मीच पुसलं. नववीच्या वर्गाला नको का?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

“बाई, ते पान फक्त आपलं होतं,” वर्गप्रमुख हळू आवाजात म्हणाली. मोठ्या माणसाला वाईट बातमी सांगावी तशी. “नववीचं वेगळं असतं.”

“पण तुम्ही वहीत उतरवून घेतलं असेल ना?”

“कॉम्प्युटरवरचं वहीत कोण उतरवतं, बाई?”

बाईंनी टेबलाची कड धरली. चाळीस चेहऱ्यांवर रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं. एकच चेहरा त्यांच्याकडे वळलेला नव्हता. ती वहीच्या पुठ्ठ्यावर नखानं एक रेघ मागेपुढे करत होती.

त्या दुपारी एक तास जादा घेतला. वर्गप्रमुखानं नवीन पान उघडून दिलं. मुलांनी पुन्हा लिहायला घेतलं, कंटाळत, आठवत, भांडत. सायकलचं दुकान आलं. टाकी आली, आता ती नुसती टाकी होती. कुणीतरी विचारलं, “समुद्र कुठाय?” कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटच्या रांगेतलं मशीन बंद होतं आणि ती हात मांडीवर ठेवून काळ्या पडद्याकडे बघत होती.

तेव्हा बाईंना आपलं कालचं हसू आठवलं. ते तिला कसं दिसलं असेल, ते त्यांच्या एकदम ध्यानात आलं.

घरी बाईंनी सगळं सांगितलं. समुद्रही सांगितला. यजमान चष्मा पुसत ऐकत होते.

“मग तिला सांग, तुझ्यामुळे नाही पुसलं म्हणून.”

“कसं सांगू? वर्गात नाव घेतलं तर पाणमांजर कोण ते सगळ्यांना कळेल. आणि मग ती कायमची मिटेल.”

“एकटीला गाठ.”

“एकटीला गाठून काय? गेलेलं परत देता आलं पाहिजे ना. नुसतं चुकलं म्हणायचं आणि हात हलवत जायचं?”

यजमानांनी चष्मा घातला आणि बायकोकडे नीट पाहिलं. “एकतीस वर्षं पुसत आलीस,” ते म्हणाले. “आजच काय झालं तुला?”

फळ्यावर पुसलं ते त्यांचं स्वतःचं असायचं, एवढंच त्यांना मध्येच सुचलं, भांडी घासताना. आणि नळ चालूच राहिला.

*

सोमवारी मधल्या सुटीत त्यांनी गणिताच्या सरांना गाठलं. सरांनी ऐकून घेतलं, डोकं धरलं, आणि मग ते इतके हसले की चहा सांडला.

“पुसलंत? नववीसाठी?”

“तूच म्हणालास, फळा समजा.”

सरांचं हसू ओसरलं. “म्हणालो खरा.” त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. “चला. इथे काही जात नाही, बाई. तोच तर घोळ आहे.”

कॉम्प्युटरच्या खोलीत कुणी नव्हतं. सरांनी जुनं पान उघडलं आणि एका कोपऱ्यात बाईंना कधी न दिसलेली एक यादी काढली. दिवस, वेळा, नावं. “हा पानाचा इतिहास. प्रत्येक बदल इथे राहतो. या एकेक ओळीवर दाबत मागे मागे जायचं. हवं ते सापडलं की मला हाक मारा. मी तो सांडलेला चहा पुसून येतो.”

बाई एकट्या राहिल्या. त्यांनी दाबलं. कोऱ्या पानावर सगळी वस्ती एकाएकी उभी राहिली. गंजलेल्या सायकली, कपडे, बोट, दुपारचा दिवा. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इथेच थांबायला हवं होतं. पण बोटाला चटक लागली होती. त्या आणखी मागे गेल्या. वाक्यं आखडत गेली, बोट विरून नुसता दोर राहिला, समुद्र दोन हातांवरून दहा हातांवर गेला आणि भिंतीमागे नाहीसा झाला. पोरांनी लिहून लगेच खोडलेल्या शिव्याही होत्या, कुणाच्या तरी नावापुढे काढलेलं चिन्ह होतं. वस्तीच्या खाली आणखी एक वस्ती होती, पुसलेली, आणि ती दिवे लावून जागीच होती.

मग पुन्हा पुढे येताना, आधी घाईत ओलांडलेली गुरुवारची एक नोंद. पाणमांजर. तास संपायला चार मिनिटं होती त्या वेळची. पाणमांजरानं लिहिलं होतं आणि दोन मिनिटांत स्वतःच खोडलं होतं.

“बाई, वर्गात बोलायला सुरुवात कशी करतात? आता दोन वर्षं झाली. आता बोलले तर सगळे वळून बघतील.”

बाईंनी माउसवरून हात काढला. खोलीत फक्त घरघर होती. आपण कुणाच्या तरी घरात दार न वाजवता शिरलो आहोत आणि आता बाहेर जायची वाट सापडत नाही, असं त्यांना वाटलं. फळ्याची ही एक माया होती, त्यांना पहिल्यांदाच कळलं. तो विसरत असे.

सर परतले तेव्हा बाईंनी यादी बंद केली होती. “गुरुवार, शेवटची वेळ,” त्या म्हणाल्या. “मी पुसायच्या आधीची. तेवढंच परत आण.”

*

मंगळवारी आठवीच्या तासाला बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुमचं पान परत आलंय. आधी ऐका. गुरुवारी ते मी पुसलं ते कुणी काही वाईट लिहिलं म्हणून नाही. फळा पुसावा तसं पुसलं. मला वाटलं हा शाळेचा एकच फळा आहे. तुम्ही कुणी चुकला नव्हतात. मी चुकले.”

वर्ग असा हसला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर ठोकलं. “बाई, डस्टर पण आणलं होतं का?” “बाई, पडदा ओल्या फडक्यानं पुसलात?” बाईंनी सगळं ऐकून घेतलं. खांदा आखडल्यापासून पहिल्यांदाच वर्गाला त्यांची कीव वाटत नव्हती, आणि ते बरं वाटलं. शेवटच्या रांगेतलं मशीन सुरू झालं होतं. पण पाणमांजर नुसतं पानाच्या कडेला लुकलुकत राहिलं. एक अक्षर पुढे गेलं नाही.

तास संपताना गणिताचे सर हातात पकड आणि स्क्रू घेऊन आले आणि कोपऱ्यातल्या आजारी मशीनच्या टेबलाखाली शिरले. मुलं गेली. ती रेंगाळली, रेंगाळली म्हणजे दप्तराचा पट्टा लावत, काढत, पुन्हा लावत बसली. बाई तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. तिच्याकडे न बघता त्या पडद्याकडे बघत हळू बोलल्या.

“मी तुझ्याकडे बघून हसले होते ना, ते मला काही कळलं नव्हतं म्हणून. तुझा समुद्र मला आवडतो. हे एक. दुसरं अवघड आहे. पान परत आणताना जे पुसलेलं होतं तेही दिसलं. तू स्वतः पुसलेलंही. शेवटचं. मी ते वाचलं. वाचायला नको होतं.”

मुलीचे कान लाल झाले. मग तिनं बटणांवर बोटं ठेवली आणि पानाच्या तळाशी लिहिलं, “बाकीच्यांना पण दिसेल?” लिहिलं आणि लगेच खोडलं. मग खोडलेलंही राहतं हे लक्षात येऊन तिनं हात झटकन मागे घेतला, तव्याचा चटका बसल्यासारखा.

“मला माहीत नाही गं,” बाई म्हणाल्या. “थांब, विचारू.” त्यांनी मान वळवून हाक दिली, “अरे ऐक ना, ते मागचं जे असतं, पुसायच्या मागचं, ते जर नको असलं, म्हणजे पान हवं पण ते नको…”

“बाई, परत पुसलंत?” टेबलाखालून आवाज आला.

“नाही रे! मी म्हणतेय पुसलेलं पुसायचं कसं?”

“पुसलेलं तर परत आणलं काल आपण!”

“ते नव्हे. ते यायला हवं होतं. जे यायला नको होतं ते.”

“मला काहीच कळेना. आधी मला सांगा, आता पानावर काय दिसतंय?”

“पान दिसतंय, पण ते जे…” बाई अडल्या. त्यांच्याजवळ त्या गोष्टीचे शब्दच नव्हते. एकतीस वर्षांत त्यांना ते कधी लागले नव्हते.

“पान असंच ठेवायचंय,” शेजारून कुणीतरी म्हणालं. आवाज घोगरा होता, अपेक्षेपेक्षा मोठा, आणि मध्येच फाटणारा. “पण त्याचा इतिहास कुणाला दिसायला नकोय. असं करता येतं का?”

बाई तशाच बसून राहिल्या. त्यांनी मान हलवली नाही, पडद्यावरून नजर काढली नाही.

“हां, असं विचारा ना!” टेबलाखालून सर म्हणाले. त्यांचे फक्त बूट दिसत होते. “येतं की. पानाची नवी प्रत काढायची. प्रतीला मागचं काही नसतं, तिथून पुढचंच राहतं. मग जुनं पान बाईंनी टाकून द्यायचं. पण आधी सगळ्यांना नवीन पानाची लिंक द्यावी लागेल.”

“ती मी देते.”

“दे. बघ, वर डावीकडे यादी उघडते, तिसरी की चौथी ओळ आहे.”

“चौथी,” ती म्हणाली. “नाव काय द्यायचं विचारतंय.”

“ते तुमच्या बाईंना विचार.” स्क्रू खाली पडल्याचा आवाज झाला. सर पुटपुटले, मग पुन्हा, तितक्याच सहजपणे, “कोण गं तू? आठवीची?”

“हो.”

“नाव?”

तिनं नाव सांगितलं. मशीनच्या घरघरीत ते सरांना नीट ऐकू गेलं नसावं.

“काय?”

तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.